कादंबरीतला नायक आणि मनाची तहान

माझी थोरली बहीण, आमची आपा, सतराव्या वर्षी कर्णाच्या प्रेमात पडली. कर्ण म्हणजे शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधला. ही कादंबरी १९६७ साली आली आणि पुढची कितीतरी वर्षं वाचनालयातल्या कपाटात ती कधी सापडायची नाही. कायम कुणाकडे तरी गेलेली असायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. अब्बा रेल्वेत नोकरीला. मुलीनं एकटीनं बाजारातून वाचनालयात जाणं घरात चालत नसे, म्हणून पुस्तकांची ने-आण माझ्याकडे होती. आपानं ते पुस्तक तीन वेळा मागवलं. तिसऱ्या वेळी वाचनालयातले काका म्हणाले, "काय रे, घरात कुणी परीक्षेला बसलंय का?"

रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ती वाचत बसे. एकदा पाणी प्यायला उठलो तर तिचे डोळे भरलेले दिसले. मी हसलो. म्हणालो, "पुस्तकातल्या माणसासाठी रडतेस?" ती एवढंच म्हणाली, "तुला नाही कळायचं."

खरंच कळलं नव्हतं. पुढं बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, तरी कळलं नव्हतं. पुस्तकातल्या, पडद्यावरच्या, कधीही न भेटणाऱ्या माणसावर जीव जडतो म्हणजे नक्की काय होतं? ही नुसती वयाची खूळ असते, की तिच्या तळाशी आणखी काही असतं? या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि बारीक विचार मला ख्रिस्ती परंपरेत वाचायला मिळाला. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

मी मुसलमान, लिहितो मराठीत, आणि बोलणार ख्रिस्ती विचाराबद्दल. पण शिरूर-दौंडच्या पट्ट्यात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. शिरूरला, म्हणजे जुन्या घोडनदीला, एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आणि पलीकडे श्रीगोंद्याला शेख महंमदांचं ठिकाण. मुसलमान घरात जन्मून त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. एकमेकांच्या घरातल्या वस्तू पाहायची सवय आमच्या मुलखाला जुनी आहे.

आधी हे वेड नीट पाहू. प्रत्येक पिढीचा नायक वेगळा. कुणाला फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांतला भावला, कुणाला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, कुणाला सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'तला. आज माझ्या भाच्याच्या मुलीच्या मोबाइलवर कोरियन मालिकांतले नायक असतात. कपडे बदलतात, भाषा बदलते. पण जरा निरखून पाहिलं तर या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या दिसतात. एक, हा नायक न सांगता मन ओळखतो. दोन, साऱ्या जगातून तो एकीलाच निवडतो. आणि तीन, तो सोडून जात नाही. गेलाच तर मरून जातो, कंटाळून जात नाही. कुणी मला पूर्ण ओळखावं, कुणी मला निवडावं, कुणी मला सोडू नये, एवढंच हे मागणं आहे.

आता बायबल उघडा. एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र म्हणतं, देवा, माझं उठणं-बसणं तू जाणतोस, शब्द जिभेवर येण्याआधीच तुला तो ठाऊक असतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव सांगतो की मी तुला नावानं हाक मारली आहे, तू माझा आहेस. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येशू शिष्यांना सांगतो की युगाच्या अखेरपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. तीच तीन मागणी. ख्रिस्ती विचारवंत म्हणतात की हा योगायोग नव्हे. माणूस घडवतानाच त्याच्यात ही तहान ठेवलेली आहे, आणि ती देवासाठीच आहे. पण तहान लागलेल्या माणसाला विहीर ठाऊक नसेल, तर तो दिसेल त्या पाण्याकडे धावतो.

या विचाराची सुरुवात संत ऑगस्टिनपासून करता येते. उत्तर आफ्रिकेतला हा बिशप. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या शेवटी त्यानं आपल्या चुकांची कबुली देणारं आत्मचरित्र लिहिलं. त्यात शाळेतली एक आठवण आहे. व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यात डिडो नावाची राणी आहे. प्रियकर सोडून गेला म्हणून ती जीव देते. शाळकरी ऑगस्टिन तिच्यासाठी रडला होता. मोठेपणी तो स्वतःलाच विचारतो: त्या काल्पनिक राणीसाठी मी अश्रू ढाळले, पण माझा स्वतःचा आत्मा देवापासून तुटून मरत होता, त्याच्यासाठी मात्र डोळे कोरडे राहिले, हे कसं? कडक भाषा आहे. कादंबरी वाचून रडणाऱ्या कुणालाही ती बोचेल. पण ऑगस्टिन ओढीला खोटं म्हणत नाही. ती चुकीच्या दारावर उभी आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

याच्यापुढचं पाऊल अकराशे वर्षांनी एका सैनिकानं टाकलं. इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा सरदारपुत्र. १५२१ सालच्या मे महिन्यात पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून वेळ जाईना, म्हणून त्यानं वाचायला शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. तेव्हाच्या युरोपात या कथांचं वेड होतं. देखणा नायक, संकटात सापडलेली राजकन्या, द्वंद्वयुद्धं. पण घरात तसलं एकही पुस्तक नव्हतं. होती दोनच: एक येशूचं चरित्र आणि दुसरं संतांच्या कथांचं. नाइलाजानं तेच वाचू लागला.

मग एक गंमत झाली. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवी. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी आपण काय पराक्रम करू, हिच्याशी काय बोलू, याचा तीन-तीन, चार-चार तास विचार चाले. कधी, संत फ्रान्सिसनं केलं तसं मी केलं तर, असं मनात येई. दोन्ही स्वप्नं रंगत असताना गोडच वाटायची. फरक नंतर दिसला. पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं आणि नाराज होई. दुसरं ओसरलं तरी प्रसन्नता मागं राही. एवढ्या एका निरीक्षणातून इग्नेशियसनं पुढं मन पारखण्याची एक शिस्त उभी केली. ती आजही ख्रिस्ती साधनेत शिकवतात. तिचं सार असं: एखादी ओढ खरी की खोटी, हे ती चढलेली असताना ठरवू नका. ती उतरल्यावर मागं काय राहतं ते बघा.

त्याच काळात, त्याच देशात, आविला गावी तेरेसा नावाची मुलगी वाढत होती. जन्म १५१५ चा. तिच्या आईला सरदारांच्या त्याच अद्भुत कथांचा नाद होता, आणि वडिलांना तो आवडत नसे. म्हणून मायलेकी चोरून वाचत. तेरेसानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की नवं पुस्तक हाती नसलं की तिला चैन पडत नसे. हे वाचलं तेव्हा मला दौंडचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. पुढं ती जोगीण झाली, मोठी साध्वी झाली, आणि तरुणपणीच्या या नादाला तिनं दोष दिला. पण १५७७ साली तिनं साधनेवर जो ग्रंथ लिहिला त्यात आत्म्याला उपमा दिली किल्ल्याची. सात महाल, आणि सर्वांत आतल्या महालात राजा. मला वाटतं, ज्या कथा तिनं टाकून दिल्या त्यांचाच किल्ला तिच्या मनात उभा राहिला होता. फक्त आतला राजा बदलला. इग्नेशियस आणि तेरेसा, दोघांनाही रोममध्ये एकाच दिवशी संतपद जाहीर झालं, १२ मार्च १६२२ ला.

हे सगळं युरोपातलं झालं. पण इग्नेशियसनं स्थापलेला येशूसंघ आपल्या भाषेपर्यंत पोचला. त्या संघातले मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले, आणि १६१६ साली त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्याही मराठीत. धर्म बदललेल्या गोव्याच्या लोकांना जुनी पुराणं वाचायला बंदी झाली होती. जेवण झाल्यावर, सणावाराला, रात्री एकत्र बसून ऐकायला कथाच उरली नव्हती. ही अडचण 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एका पात्राच्या तोंडून येते. स्टीफन्सनी या लोकांना, कथा कशाला हवी, प्रार्थना करा, असं सांगितलं नाही. कथेची भूक खरी आहे हे त्यांनी ओळखलं आणि ओवीबद्ध कथाच वाढली. बंदी घालणाऱ्यांचं चुकलं होतं असं ते म्हणाले नाहीत, पण भूक मात्र नाकारली नाही.

आता आपल्या केडगावला येऊ. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला यायचं, तिथून केडगाव जवळच. पण त्याआधी एका पुस्तकाचं नाव घ्यायला हवं. १८५७ साली बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. लेखक ख्रिस्ती. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवास करतात आणि गावोगावच्या विधवांचे हाल पाहतात. विनायकराव समजूतदार, बायकोशी बरोबरीनं बोलणारा. त्या काळच्या वाचणाऱ्या मुलीला हा नायक आवडला असणारच. पण लेखक त्याला मध्येच मरण देतो. यमुना स्वतः विधवा होते. पुढचा मार्ग तिला शोधावा लागतो. ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. चांगला नवरा मिळाला म्हणून बाईचा प्रश्न सुटत नाही, हे मराठी कादंबरीनं पहिल्याच पावलाला सांगून टाकलं.

रमाबाईंचं आयुष्य जणू या कादंबरीचाच खरा अध्याय. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत देशभर फिरायचे, आणि रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक पाठ. दुष्काळात आईवडील गेले, पुढं भाऊही गेला. १८८० साली त्यांनी स्वतःच्या पसंतीनं बंगालचे बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. जातीबाहेरचं, त्या काळी खळबळ उडवणारं. दोन वर्षं पुरी होत नाहीत तोच मेधावी वारले. हाती लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यावरून महाराष्ट्रात किती गदारोळ झाला ते सर्वांना ठाऊक आहे.

मला त्यांच्या १९०७ सालच्या आत्मनिवेदनातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. ग्रंथ होते, मतं होती, वादविवाद होते; आतली तहान तशीच होती. म्हणजे दार बरोबर असलं तरी तहान आपोआप भागत नाही. इतक्या विद्वान बाईनं हे इतक्या साधेपणानं कबूल करावं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

आणि ती तहान भागल्यावर त्या काय करत बसल्या? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य भारतातून भुकेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, झाडं लावली. १९०० च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या घरात स्त्रिया आणि मुली होत्या. शेती, विणकाम, छपाई सगळं त्याच करत. १९०५ साली तिथं प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली रात्र-रात्र रडत प्रार्थना करत. त्याचं वर्णन जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी वाचलं. पण सकाळी विहिरीवर, मागावर, छापखान्यात कामं चालूच होती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, १९२२ साली मृत्यूपूर्वी पूर्ण केलं, आणि त्याचे खिळे जुळवणारे हात त्याच बायकांचे होते. घोड्यावरून कुणी येईल आणि सोडवील, याची वाट पाहायला त्यांना कुणी शिकवलं नाही.

इथं एक धोकाही सांगायला हवा, आणि तो ख्रिस्ती लोकांनीच सांगितला आहे. ओढ देवाकडं वळवायची म्हणजे येशूलाच कादंबरीचा नायक करायचं का? तसं होतं. चित्रात तो गोरा, देखणा, लांब केसांचा असतो. बायबलातल्या 'गीतरत्न' या प्रेमकाव्याचा अर्थ लावताना संतांनी त्याला वराची आणि भक्ताला वधूची उपमा दिली. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डची यावर छ्याऐंशी प्रवचनं आहेत. उपमा सुंदर आहे. पण यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात देवाच्या दुःखी सेवकाचं वर्णन येतं. ख्रिस्ती लोक ते येशूला लावतात. तिथं म्हटलंय की त्याला रूप नव्हतं, शोभा नव्हती, पाहून ओढ वाटावी असं त्याच्यात काही नव्हतं. म्हणजे ज्याच्याकडं सारी ओढ जायची, तोच देखणेपण नाकारून उभा. शिवाय कादंबरीतला नायक आपल्याकडं काही मागत नाही. येशू मागतो. शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणतो, शिष्यांचे पाय धुतो आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणतो.

योहानाच्या पहिल्या पत्रात याची कसोटीच दिली आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही, असं ते पत्र सांगतं. इग्नेशियसची कसोटी आणि ही, एकत्र ठेवून पाहा. पुस्तक मिटल्यावर मागं काय राहतं? आणि जे राहतं त्यानं समोरचा माणूस जास्त दिसू लागतो की दिसेनासा होतो?

यावरून पुन्हा आपाकडं येतो. तिचं लग्न शिरूरला झालं. दुल्हेभाई शिंपी. अबोल माणूस, दुकानातून रात्री अकराला येणार, जेवणार, झोपणार. आपा पुस्तकं वाचत राहिली आणि मनातल्या मनात त्यांना कर्णाशेजारी उभं करून पाहत राहिली. शिंपी त्या मापात कसा बसणार? भांडण कधी झालं नाही. पण माहेरी आली की म्हणायची, "ठीक आहे, चाललंय." २०११ साली दुल्हेभाईंना अर्धांगवायू झाला. सहा वर्षं अंथरुणावर होते. आपानं सगळं केलं.

ते गेल्यावर एका दुपारी तिनं पुस्तकांची पेटी काढली. घरात आम्ही दखनी बोलतो, ती जे बोलली ते मराठीत सांगतो. प्रत्येक पुस्तकाला उरल्यासुरल्या कापडाचं वेष्टन होतं, चारी बाजूंनी नीट शिवलेलं. म्हणाली, "हे सगळं त्यांनी शिवलंय. दिवसभर लोकांचे कपडे शिवून वर हे. मी कधी विचारलंसुद्धा नाही की कधी शिवलंत. कर्णासाठी किती रडले रे मी. हा माणूस रात्री अकरापर्यंत मशीन चालवायचा, त्याच्यासाठी नाही रडले."

तिनं ऑगस्टिन वाचला नव्हता. मीही तो नंतर वाचला. शिरूरच्या एका ख्रिस्ती शिक्षकमित्रानं दिला. डिडोसाठी रडण्याचा उतारा आला आणि मी पुस्तक खाली ठेवलं.

मी आपाला म्हणालो होतो, "मग पुस्तकांचंच चुकलं म्हणायचं." ती म्हणाली, "नाही. पुस्तकं नसती तर हेसुद्धा दिसलं नसतं. रडायला त्यांनीच शिकवलं. मीच तिथं थांबून राहिले."

आमचे सुफी माणसावरच्या प्रेमाला पूल म्हणतात. त्यावरून खऱ्या प्रेमाकडं जायचं. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडं आलो ते तुकोबांच्या पुलावरून. आणि फतेहपूर सिक्रीला अकबराच्या बुलंद दरवाजावर मरियमपुत्र ईसाच्या, म्हणजे येशूच्या, नावानं एक वचन कोरलेलं आहे. त्याचा अर्थ असा की हे जग पूल आहे, ओलांडून जा, त्यावर घर बांधू नका. मुसलमान बादशहाच्या दरवाजावर येशूच्या नावाचं वचन. कल्पित नायकाबद्दल ख्रिस्ती परंपरा जे सांगते ते मला याच शब्दांत समजतं. पूल पाडायची गरज नाही, आणि त्यावर संसार मांडायचीही नाही.

भाच्याची मुलगी मोबाइलवर कोरियन मालिका बघत बसली की घरातले ओरडतात. आपा त्यांना गप्प करते. "बघू दे तिला," म्हणते. मालिका संपली की मात्र तिला जवळ बोलावते आणि विचारते, "आता कसं वाटतंय?" मुलगी कधी हसते, कधी नुसतीच बसून राहते. तिचं उत्तर काहीही असो, आपा ते पूर्ण ऐकून घेते.